डोळ्याला लागू पडले, फुप्फुसाला का नाही?

एका मिलिलिटरचा विसावा भाग म्हणजे जेमतेम एक थेंब. डोळ्याच्या आत दिल्या जाणाऱ्या ‘रानिबिझुमॅब’ ह्या इंजेक्शनाची नेहमीची मात्रा एवढीच असते आणि त्या थेंबात प्रत्यक्ष औषध असते अर्धा मिलिग्रॅम. नेत्रतज्ज्ञांचा कागद घेऊन बाळकुमच्या माझ्या दवाखान्यात आलेली मंडळी हमखास विचारतात, “डॉक्टर, एवढ्याशा थेंबाला एवढे पैसे?” विचारणारा बहुधा मुलगा असतो किंवा सून, आणि ज्यांच्या डोळ्यासाठी हा खर्च व्हायचा असतो ते आजोबा शेजारच्या खुर्चीवर, आपल्याच हातून काही आगळीक घडली असावी अशा चेहऱ्याने, खाली मान घालून बसलेले असतात.

दुसरा प्रश्न क्वचित येतो, पण त्याचे उत्तर देणे अधिक अवघड असते. “डोळ्यासाठी असे नेमके इंजेक्शन निघाले, मग आमच्या बाबांच्या फुप्फुसासाठी का निघत नाही?” ज्यांच्या घरात फुप्फुसे कडक होत जाण्याचा आजार शिरला आहे, त्यांचा हा प्रश्न असतो. वाचकहो, ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. मी नेत्रतज्ज्ञ नाही आणि फुप्फुसतज्ज्ञही नाही, मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडल्यावर “आता तुम्ही सांगा, करायचं का?” असे विचारायला लोक ज्याच्याकडे येतात, तो मी साधा एमबीबीएस डॉक्टर. त्याच नात्याने हे लिहितो आहे.

घोड्याच्या रक्तापासून जिवाणूंच्या टाकीपर्यंत

‘बायोलॉजिक’ किंवा जैविक औषध हा शब्द नवा वाटला, तरी त्यामागची कल्पना आपल्या पिढीला परकी नाही. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत ही खाडीकाठची भातशेतीची गावे होती तेव्हापासून सर्पदंशावरची लस हा शब्द येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. परळच्या हाफकिनचे नाव त्या लशीशी कायमचे जोडले गेले. लस हा शब्द तेथे खरे तर चुकीने रूढ झाला. ते प्रतिविष असते. घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचतात, त्याच्या शरीरात विषाला जखडून टाकणारी प्रथिने तयार होतात आणि ती रक्तातून वेगळी काढून माणसाला देतात. ह्या प्रथिनांनाच प्रतिपिंडे म्हणतात. करोनाच्या काळात हा शब्द आपण सर्वांनी इतका ऐकला, की तो आता समजावून सांगावा लागत नाही.

घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडे मात्र सरमिसळ असतात. कामाच्या प्रतिपिंडांसोबत बिनकामाचीही येतात आणि घोड्याच्या प्रथिनांची ॲलर्जीही संभवते. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिल्स्टीन ह्या दोघा शास्त्रज्ञांनी एकाच ठशाची, एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तेवढी वाढवण्याची युक्ती शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा एकजिनसी प्रतिपिंडांना ‘मोनोक्लोनल अँटिबॉडी’ म्हणतात आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून अशा औषधांच्या नावाच्या शेवटी ‘मॅब’ येते. रानिबिझुमॅब, बेव्हासिझुमॅब, अडालिमुमॅब, टोसिलिझुमॅब. औषधाच्या चिठ्ठीवर हे शेपूट दिसले, की समजावे, हे रसायन नव्हे, प्रथिन आहे. ते गोळीच्या रूपात देता येत नाही, कारण पोट ते अंड्याच्या बलकासारखे पचवून टाकील.

डोळ्याची बाजू

दृष्टिपटल हा डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा पातळ पडदा आणि पीतबिंदू हा त्याचा मध्यभाग. वर्तमानपत्राचे अक्षर, सुईचे नाक, नातवाचा चेहरा हे सारे ह्या मध्यभागामुळे दिसते. उतारवयात काहींच्या पीतबिंदूखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, पाझरतात, रक्तस्राव करतात आणि शेवटी तेथे वण उरतो. ह्या वाहिन्यांना वाढीचा हुकूम देणारे प्रथिन नापोलिओने फेरारा ह्यांच्या गटाने १९८९ साली वेगळे काढून दाखवले. त्याचे संक्षिप्त नाव व्हीईजीएफ. पुढचा विचार सरळ होता. हुकूम देणाऱ्याचे तोंड बंद केले, तर वाहिन्या वाढणार नाहीत. त्यातून तयार झालेले रानिबिझुमॅब २००६ साली अमेरिकेत मान्य झाले. त्यापूर्वीच्या उपचारांनी दृष्टी घसरण्याचा वेग फार तर मंदावत असे. ह्या औषधाने पुष्कळ रुग्णांच्या तक्त्यावरच्या ओळी परत आल्या. आज हेच इंजेक्शन मधुमेहामुळे सुजलेल्या पीतबिंदूत, अतितीव्र लघुदृष्टी असलेल्यांच्या रक्तस्रावात आणि अकाली जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाच्या आजारातही वापरतात. बाळांना अर्थात मात्रा वेगळी असते.

हे यश का मिळाले, ते नीट पाहावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच दडलेले आहे. डोळा ही बंद कुपी आहे. तेथे टाकलेला थेंब काही आठवडे तेथेच काम करतो आणि उरलेल्या शरीरात अगदी थोडा जातो. वाहिन्या वाढवणारा मुख्य सूत्रधार एकच आहे. शिवाय औषध लागू पडले की नाही, हे ओसीटी नावाच्या तपासणीत महिनाभरात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येते. शत्रू एक, रणांगण लहान आणि निकाल लगेच, अशी तिहेरी अनुकूलता वैद्यकशास्त्राला क्वचितच लाभते.

आता पैशांचे. ॲस्पिरिनच्या एका रेणूत २१ अणू असतात; कोणत्याही बऱ्या कारखान्यात तो हुबेहूब तयार करता येतो. पूर्ण प्रतिपिंडाच्या एका रेणूत वीस हजारांहून अधिक अणू असतात. रानिबिझुमॅब हा अशा प्रतिपिंडाचा फक्त पकड घेणारा तुकडा आहे, तरी तोही प्रयोगशाळेत अणूला अणू जोडून करता येत नाही. त्याची कृती जिवाणूंच्या जनुकांत घालतात, ते जिवाणू मोठ्या टाक्यांत वाढवतात आणि त्यांनी तयार केलेले प्रथिन पुन्हा पुन्हा गाळून शुद्ध करतात. तापमान जरा बदलले, की प्रथिनाची घडी बदलते. घरी दही लावणाऱ्या आजींना हे मी सांगावे असे नाही. विरजण एकच असले, तरी शेजारणीच्या घरचे दही आपल्यासारखे लागत नाही. म्हणूनच मूळ औषधाचा एकाधिकार संपल्यावर दुसऱ्या कंपनीने केलेल्या जैविक औषधाला ‘तेच औषध’ न म्हणता ‘बायोसिमिलर’, म्हणजे त्याच्यासारखे औषध, असे म्हणतात. ते पुरेसे सारखे आहे हे रुग्णांवरील चाचणीतून सिद्ध करावे लागते. भारतात त्यासाठीचे नियम २०१२ साली आले आणि २०१६ साली सुधारले गेले.

रानिबिझुमॅबचे जगातील पहिले बायोसिमिलर २०१५ साली भारतात, अहमदाबादच्या एका कंपनीने बाजारात आणले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? आणि त्यासाठी अहमदाबादपर्यंतही जायला नको. बाळकुमहून कळवा-विटावा ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो, की रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेसचे संकुल आहे. तेथेही ह्याच औषधाचे बायोसिमिलर तयार झाले. पुण्यात लुपिनच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही ते विकसित केले. ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्याची ओळख आपल्या लहानपणी रासायनिक कारखान्यांच्या वासाने होत असे, त्याच पट्ट्यात आता दृष्टिपटलाचे प्रथिन तयार होते, ह्याचा मला जुना ठाणेकर म्हणून थोडा अभिमान वाटतो. उत्पादक वाढले तशी किंमत उतरली. तरी वर्षाला अनेकदा घ्यावे लागणारे हे औषध निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला अजूनही जड जाते, हे मान्य केले पाहिजे.

ह्यापेक्षा स्वस्त वाट आहे आणि तिच्याविषयी नेत्रतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारावे. बेव्हासिझुमॅब हे त्याच व्हीईजीएफला रोखणारे, पण कर्करोगासाठी मान्य झालेले औषध. २००५ साली मायामीच्या डॉ. फिलिप रोझेनफेल्ड ह्यांनी ते प्रथम डोळ्यात वापरले. पुढे अमेरिकी सरकारच्या खर्चाने मोठी तुलनात्मक चाचणी झाली. दोन्ही औषधांनी वर्षभरात दृष्टी सारखीच सुधारते, असा तिचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. औषध कंपन्यांनी ती चाचणी स्वतःहून केली नसती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अडचण एवढीच, की कर्करोगासाठीच्या मोठ्या कुपीतून डोळ्यासाठी लहान मात्रा वेगळ्या भराव्या लागतात आणि त्या भरताना निर्जंतुकतेत कसूर झाली, तर एकाच दिवशी अनेक डोळे धोक्यात येतात. २०१६ च्या सुरुवातीला गुजरातेत अशी घटना घडल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी ह्या वापरावर बंधन आणले आणि काही आठवड्यांनी ते मागे घेतले. तेव्हा स्वस्त औषध वाईट नव्हे. ते कोठे आणि कसे भरले जाते, एवढे मात्र विचारावे.

दुर्मीळ आजारांचे डोळे

वर सांगितलेले आजार तसे सर्रास आढळणारे. जे आजार हजारांत किंवा लाखांत एखाद्याला होतात, त्यांची गोष्ट निराळी. ‘युव्हिआयटिस’चे काही प्रकार असे आहेत, की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच डोळ्याला शत्रू समजते. वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेऊन ह्या रुग्णांना मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह आणि ठिसूळ हाडे ह्यांची भेट मिळत असे. अडालिमुमॅब हे सांधेदुखीचे जैविक औषध २०१६ साली अशा युव्हिआयटिससाठी अमेरिकेत मान्य झाले. भारतात त्याचे बायोसिमिलर त्याआधीच, २०१४ साली आले होते.

येथे मला थांबून एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. हे औषध ज्या प्रथिनाला रोखते, तेच प्रथिन आपल्या शरीरात दबून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे काम करते. आपल्याकडे असा सुप्त क्षय पुष्कळांच्या शरीरात असतो. म्हणून अडालिमुमॅब किंवा त्याच्या जातीचे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. घरातील जुन्या गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नयेत. मिलच्या चाळीतील खोलीत थोरल्या भावाला क्षय झाला होता, आईने कोणाला कळू दिले नव्हते, ह्याला पन्नास वर्षे होऊन गेली असतील. तरी ती माहिती ह्या इंजेक्शनाच्या आधी सांगायची आहे. काळजी घेणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना हे एकदा मायेने, एकान्तात विचारावे. वडीलधारी माणसे हे चारचौघांत सांगत नाहीत.

याहून दुर्मीळ आजारांत तर प्रतिपिंडांच्याही पुढची पावले पडली आहेत. ‘मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया’ ह्या पीतबिंदूच्या मंदगती आजाराच्या दुसऱ्या प्रकारासाठी मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत एक सूक्ष्म कुपी मान्य झाली. ती डोळ्यात बसवतात. तिच्यातील जिवंत पेशी दृष्टिपटलाला जपणारे प्रथिन सतत स्रवत राहतात. औषध टोचायचे नाही, औषध करणारा कारखानाच आत ठेवायचा! जन्मजात अंधत्वाच्या एका प्रकारात, जेथे आरपीई६५ हे जनुक बिघडलेले असते, तेथे २०१७ साली जनुकोपचार मान्य झाला. त्याची जाहीर किंमत दोन्ही डोळ्यांसाठी साडेआठ लाख डॉलर होती. ही रक्कम रुपयांत करून पाहण्याचे धाडस मी वाचकांवरच सोपवतो.

फुप्फुसात काय अडते

आता फुप्फुस. ‘इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस’ हे लांबलचक नाव ज्या आजाराचे आहे, त्यात फुप्फुसाच्या जाळीदार, मऊ पेशीजालात वण पडत जातात आणि श्वास आखडतो. नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ आम्हा डॉक्टरांच्या भाषेत ‘कारण कळलेले नाही’ असा आहे. जेथे कारणच ठाऊक नाही, तेथे नेमका नेम धरायचा कशावर?

तरी नेम धरून पाहिले गेले, आणि एकदा नव्हे, अनेकदा. इंटरफेरॉन-गॅमा ह्या जैविक औषधाची आठशेहून अधिक रुग्णांवरील चाचणी फायदा न दिसल्याने २००७ साली थांबवावी लागली. वणाला घट्टपणा देणाऱ्या विकराविरुद्धचे सिमटुझुमॅब २०१६ साली बाद झाले. मग पॅमरेव्हलुमॅब आले. वण वाढवणाऱ्या एका प्रथिनाला ते जखडत असे. सुरुवातीच्या, शंभराच्या आसपास रुग्णांच्या चाचणीत त्याने इतका चांगला परिणाम दाखवला, की जगभरच्या रुग्णसंघटनांत आशेची लाट आली. पुढच्या, ३५६ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०२३ साली लागला. औषध घेणारे आणि नुसते पाणी घेणारे ह्यांत फरक दिसला नाही.

ह्यात कोणी फसवणूक केली असे नाही. फुप्फुसाला वण पाडणाऱ्या वाटा अनेक आहेत. एक अडवली की आजार दुसरीने जातो, जसे माजिवड्याचा पूल तुंबला की गाड्या बाळकुमच्या गल्ल्यांतून घुसतात. शिरेतून दिलेले प्रतिपिंड आधी सर्व शरीरात पांगते आणि मग त्यातला थोडासा अंश फुप्फुसाच्या खोल कोपऱ्यांत पोहोचतो. आणि रुग्ण आमच्यापर्यंत येतो तेव्हा वण पडून गेलेला असतो. पडलेला वण विरघळवणारे औषध आजवर कोणालाही सापडलेले नाही.

म्हणूनच आज ह्या आजारात आधार आहे तो गोळ्यांचा, प्रथिनांचा नव्हे. पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब ही ती दोन औषधे. अमेरिकेने दोन्हींना ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्यता दिली. पण मुंबईच्या सिप्लाने पिरफेनिडोन त्याआधी चार वर्षे, २०१० सालीच भारतात उपलब्ध केले होते. निन्टेडानिबची भारतीय आवृत्ती ग्लेनमार्कने २०२० साली आणली. ह्या गोळ्या आजार बरा करत नाहीत, घसरण मंदावतात. खोकला थांबला नाही म्हणून कंटाळून त्या सोडून देणारे रुग्ण मी पाहतो, आणि प्रत्येक वेळी तेच समजावतो, की उतारावरून जाणाऱ्या गाडीचा हा ब्रेक आहे. गाडी वर चढत नाही म्हणून ब्रेक काढून टाकत नाहीत. पिरफेनिडोनने उन्हात त्वचा भाजते, निन्टेडानिबने जुलाब होतात. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात आणि त्रास झाला तर स्वतः बंद न करता मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत नेरँडोमिलास्ट ही तिसरी गोळी मान्य झाली, दहा वर्षांहून अधिक काळाच्या प्रतीक्षेनंतर.

मात्र जेथे कारण नेमके सापडले, तेथे फुप्फुसातही जैविक औषधाने बाजी मारली आहे. ‘पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस’ ह्या अतिदुर्मीळ आजारात फुप्फुसाच्या वायुकोशांत स्निग्ध, दुधाळ द्रव साचतो. त्यावर रुग्णाला भूल देऊन एक फुप्फुस मिठाच्या पाण्याने धुऊन काढणे हा उपचार वर्षानुवर्षे चालत आला. १९९९ साली जपानी संशोधकांनी दाखवले, की ह्या रुग्णांचे शरीर स्वतःच्याच एका उपयुक्त प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे करते आणि म्हणून कोशांची सफाई करणाऱ्या पेशी निकामी होतात. मग उपाय उघड झाला. तेच प्रथिन वाफेच्या यंत्रातून श्वासावाटे द्यावे. त्याच्या मोठ्या चाचण्यांचे अनुकूल निकाल २०१९ आणि २०२५ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढण्याच्या दुर्मीळ आजारासाठी सोटाटरसेप्ट हे दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली टोचायचे प्रथिन मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. चाचणीत सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर सुमारे चाळीस मीटरनी वाढले. निरोगी माणसाला चाळीस मीटर म्हणजे काहीच नाही. घरातून सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊ न शकणाऱ्याला ते अंतर म्हणजे फाटक असते. ‘स्क्लेरोडर्मा’ ह्या त्वचा घट्ट करणाऱ्या आजारात फुप्फुसही आखडते. त्यासाठी टोसिलिझुमॅब २०२१ साली मान्य झाले. असा आजार बहुधा घरातील स्त्रीला होतो आणि थंडीत बोटे पांढरी-निळी पडणे ही त्याची पहिली खूण असू शकते. ह्या खुणेकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही.

बाळकुमच्या खिडकीतून

कोट्यवधी खर्चाची ही औषधे एका बाजूला आणि आपल्या खिडकीच्या जाळीवरची कबुतरे दुसऱ्या बाजूला. हा विषयांतराचा भाग नव्हे. भारतातील २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसाच्या अशा आजारांच्या १०८४ रुग्णांची जी नोंद केली आणि २०१७ साली प्रसिद्ध केली, तिच्यात जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४७ टक्के रुग्णांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ होता. म्हणजे श्वासावाटे जाणाऱ्या कुठल्यातरी सेंद्रिय कणांची फुप्फुसाला जडलेली ॲलर्जी. पक्ष्यांची विष्ठा आणि पिसे, ओलसर भिंतींवरची बुरशी आणि नीट साफ न केलेले एअर कूलर ही तिची ओळखीची कारणे. येथे कारण ठाऊक आहे आणि ते हटवण्यास प्रतिपिंड लागत नाही. वेळीच हटवले तर फुप्फुस पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष केले तर तेथेही वण पडतात आणि मग त्याच गोळ्यांवर यावे लागते.

कोलशेत रस्त्यावर आणि बाळकुम नाक्यापासून साकेतपर्यंत गेल्या वीस वर्षांत जे मनोरे उभे राहिले, त्यांच्या एसीच्या खाचा आणि बंद सज्जे ही कबुतरांची नवी वसाहत झाली. २०२५ साली मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून केवढे रण माजले, ते आपण वाचले असेल. भूतदया हा आपल्या संस्काराचा भाग आहे आणि मी कोणाच्या श्रद्धेवर बोट ठेवत नाही. परंतु ज्या घरात खोकणारे आजोबा आहेत, त्या घराच्या सज्जात तरी दाणे टाकू नयेत, विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी मारून, तोंडाला मास्क लावून ती साफ करावी, आणि हे काम आजोबांनी करू नये.

जिने चढताना दम लागतो, कोरडा खोकला दोन महिन्यांहून अधिक टिकला आहे, बोटांची टोके फुगीर दिसू लागली आहेत, तर “वय झालं, चालायचंच” ह्या वाक्यावर विश्वास ठेवू नये. पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर चिकटपट्टी उलगडल्यासारखा आवाज आला, की आम्ही साध्या एक्स-रेवर न थांबता छातीचा बारीक सीटी स्कॅन सुचवतो. खोकल्यासाठी घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. वर सांगितलेल्या फायब्रोसिसमध्ये प्रेडनिसोन, ॲझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हे त्रिकूट दिलेल्या रुग्णांत मृत्यू अधिक झाल्याने अमेरिकेतील चाचणीचा तो भाग २०११ साली थांबवावा लागला होता. मात्र डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड चालू असेल, तर तेही एकाएकी बंद करू नये.

डोळ्यासाठी घरातच एक साधी तपासणी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर चष्मा लावून उभे राहावे, एक डोळा तळहाताने झाकावा आणि दुसऱ्याने तारखांच्या चौकटींकडे पाहावे. मग डोळा बदलावा. रेघा वाकड्या, लाटेसारख्या दिसल्या किंवा मधल्या तारखेवर डाग दिसला, तर त्याच आठवड्यात दृष्टिपटलतज्ज्ञांकडे जावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यास चांगला डोळा वाईटाचे दोष झाकतो, म्हणून हा आजार कित्येकांना महिनोन्महिने कळतच नाही.

पैसे, कागद आणि फसवणूक

आशा विकणाऱ्यांची दुकाने दुर्मीळ आजारांभोवती लवकर उभी राहतात. फुप्फुस आणि दृष्टिपटल ह्या दोन्हींसाठी ‘स्टेम सेल’ उपचाराच्या जाहिराती आपल्या फोनवर येत असतील. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये पीतबिंदूच्या ऱ्हासासाठी पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या गेल्या आणि तिघींची दृष्टी गेली. हा वृत्तांत २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते. भारतात आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. खरी चाचणी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदलेली असते. तिचा नोंदणी क्रमांक मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. चाचणीतील औषधासाठी रुग्णाकडे पैसे मागितले जात असतील, तर तेथून उठून यावे.

खर्चाविषयी दोन-तीन गोष्टी बहुतेक घरांना ठाऊक नसतात. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, आधुनिक उपचारांची जी यादी आरोग्य विम्यातून वगळता येणार नाही असे ठरवले, तिच्यात डोळ्याच्या आत दिले जाणारे इंजेक्शन आणि इंजेक्शनावाटे दिले जाणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड ह्या दोन्हींचा उल्लेख आहे. ऑक्टोबर २०२० पासून हे लागू आहे. कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात. तेव्हा “रात्रभर रुग्णालयात राहिला नाहीत, म्हणून दावा नाही” असे उत्तर मिळाल्यास तेवढ्यावर परतू नये; नकार लेखी मागावा आणि पॉलिसीतील ‘आधुनिक उपचार’ हे कलम वाचावे. सत्तर वर्षांवरील नागरिकांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेली आयुष्मान वय वंदना योजना आहे. आपला उपचार तिच्या सूचीत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचे केईएम हे मान्यताप्राप्त केंद्र आहे आणि धोरणाच्या सूचीतील आजारांसाठी तेथून पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याची प्रक्रिया होते. घरात कोणाला जन्मजात किंवा अनाकलनीय आजार असेल, तर ते नाव त्या सूचीत आहे का, हे तेथील बाह्यरुग्ण विभागात समजू शकते.

घरी टोचायचे जैविक औषध आणायचे झाल्यास दुकानातून निघताना बर्फाची पिशवी असलेला डबा न्यावा. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. दाराच्या कप्प्यात नाही आणि बर्फाच्या खणात तर मुळीच नाही, कारण एकदा गोठलेले प्रथिन वितळल्यावर पूर्वीसारखे राहत नाही. कुपी हलवू नये. टोचण्यापूर्वी ती थोडा वेळ बाहेर ठेवावी, पण उन्हात किंवा गरम पाण्यात नको.

डोळ्याच्या इंजेक्शनानंतर पहिला दिवस थोडे खुपते, पांढऱ्या भागावर लाल डागही दिसतो. त्याची भीती नाही. दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी आत जंतुसंसर्ग होतो. तो बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, वाढते दुखणे, वाढती लाली आणि कमी होणारी नजर अशा रूपाने दिसतो. त्या वेळी सोमवारची वाट पाहू नये. रात्र असली तरी ज्या रुग्णालयात इंजेक्शन दिले, तेथे फोन करावा, आणि तो क्रमांक इंजेक्शनाच्या दिवशीच लिहून दिनदर्शिकेला टाचून ठेवावा.